चेहऱ्यात झाड, शब्दाला नांगी : ठसाचित्रातले ‘विचित्र’ चेहरे वाचायचे कसे?

गोंदिया : मोबाईलवर कधी कधी असं एखादं चित्र येतं की बोट तिथंच थांबतं. चेहरा माणसाचा, पण केसांच्या जागी फांद्या. डोळ्याच्या जागी पक्षी. अंगभर बारीक ठिपके. खाली कोपऱ्यात पेन्सिलीने ‘३/२५’ असा आकडा आणि सही. किंमत विचारली तर हजारांत. ग्रुपवर कोणी हसतं, कोणी ‘हे काय काढलं बा’ म्हणून पुढं ढकलतं.

पण या चित्रांचा आणि आपल्या भागाचा संबंध जुना आहे. अशा चित्रांत मोठं नाव कमावलेले काही कलाकार बालाघाट, मंडला ओलांडून पुढं असलेल्या गोंड गावांतले आहेत. आपल्याकडच्या गोंड, परधान समाजाशी त्यांचं देवाधर्माचं नातं आहे. त्यामुळे हे चित्र काय असतं, कसं बनतं, त्याचा अर्थ कसा लावायचा आणि त्यात गावच्या पोराची फसवणूक कुठं होऊ शकते, हे माहीत असलेलं बरं.

ठसाचित्र म्हणजे काय?

शहरात याला मुद्राचित्र किंवा नुसतं प्रिंट म्हणतात. साध्या भाषेत ठसाचित्र. चित्रकार थेट कागदावर रंगवत नाही. तो आधी लाकडावर, धातूच्या पत्र्यावर, दगडावर किंवा जाळीवर चित्र तयार करतो आणि त्यावरून कागदावर छाप घेतो. एकाच ठशावरून दहा, पंचवीस, पन्नास प्रती निघतात. मशीनवर निघणारी झेरॉक्स वेगळी आणि हे वेगळं. इथे प्रत्येक प्रतीला चित्रकार किंवा त्याचा कारागीर हाताने शाई लावतो आणि हाताने छाप काढतो.

ठसा आपल्याला नवा नाही. ग्रामपंचायतीचा रबरी शिक्का हा ठसाच. राईस मिलच्या पोत्यावरचं नाव, लग्नपत्रिकेवरचा गणपती, बिडीच्या बंडलावरचा मालकाचा फोटो, ही सगळी त्याच घराण्यातली. बिडीच्या लेबलावरचा फेटेवाला चेहरा म्हणजे गावोगावी पोहोचलेलं छापील व्यक्तिचित्रच होतं.

चार मुख्य पद्धती

पहिली पद्धत लाकडी ठशाची. गुळगुळीत फळीवर चित्र काढायचं आणि जिथं रंग नको तिथलं लाकूड कोरून काढायचं. उरलेल्या उंच भागावर शाई फिरवून कागद दाबला की चित्र उमटतं. लाकडाऐवजी लिनोलियमचा तुकडा घेतला तर त्याला लिनोकट म्हणतात. तो मऊ असतो, शिकणाऱ्याला सोपा जातो.

दुसरी पद्धत याच्या उलट. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात. त्यावर सुईने रेषा ओढल्या की तेवढंच मेण निघतं. पत्रा ॲसिडमध्ये ठेवला की उघड्या रेषा खाल्ल्या जातात, खोल होतात. मग मेण काढून शाई भरतात, वरची शाई पुसून घेतात, ओलसर कागद ठेवतात आणि जड रोलरखालून पत्रा काढतात. खाचेतली शाई कागदावर येते. याला एचिंग म्हणतात.

या कामात आपल्या जिल्ह्याच्या ओळखीची एक वस्तू वापरली जाते. पत्र्याचा काही भाग ॲसिडपासून वाचवायचा असेल तर त्यावर चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात. चपडा म्हणजे लाखेपासून बनणारा पदार्थ. सुतार पॉलिशसाठी वापरतात तोच. आपल्याकडे पळसाच्या झाडावर लाख घेतात. त्या लाखेचा हाही एक उपयोग आहे.

तिसरी पद्धत दगडाची, म्हणजे लिथोग्राफी. १७९६ च्या सुमारास जर्मनीत ॲलॉइस सेनेफेल्डर यांनी ती शोधली. तेल आणि पाणी एकमेकात मिसळत नाही, एवढ्याच गोष्टीवर ती चालते. सपाट दगडावर तेलकट खडूने चित्र काढतात आणि दगड ओला करतात. शाई तेलकट रेषांना चिकटते, ओल्या भागाला चिकटत नाही.

चौथी पद्धत स्क्रीन प्रिंटिंग. ती तालुक्याच्या ठिकाणी सगळ्यांनी पाहिलेली असते. चौकटीला ताणलेली बारीक जाळी, नको तिथं बंद केलेली भोकं आणि रबराच्या पट्टीने ओढलेला रंग. पत्रिका छापणारा आणि मोठ्या गॅलरीतला कलाकार, दोघंही तीच जाळी वापरतात.

पहिल्या तीन पद्धतींत चित्र उलटं उमटतं. डावा हात उजवीकडे जातो, रबरी शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात तसं. म्हणून चेहरा कोरणाऱ्याला सगळं आरशातलं पाहिल्यासारखं काढावं लागतं. स्क्रीनमध्ये रंग जाळीतून थेट खाली जातो, त्यामुळे तिथं चित्र सुलटं येतं.

देव घरात आणणारा ठसा

महाराष्ट्रात छापील चित्राची मोठी गोष्ट राजा रवि वर्मा यांच्या छापखान्याची. १८९४ मध्ये मुंबईत हा प्रेस सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती यांची रंगीत चित्रं दगडावरून छापून देशभर गेली. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. ज्यांना त्या काळी देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांच्या घरातही या चित्रातून देव पोहोचला. ठशाची खरी ताकद हीच. मूळ चित्र एकाच श्रीमंताच्या भिंतीवर राहतं, छापील चित्र झोपडीत जातं.

याच प्रेसने एका गायीचं चित्र छापलं होतं. गायीच्या अंगात चौऱ्याऐंशी देवता बसवलेल्या. पोटात देव, पाठीवर देव, पायात देव. ते पाहून कोणाला ‘हे काय विचित्र’ असं वाटलं नाही. लोकांनी ते भिंतीवर लावलं. याचं कारण समजून घेतलं तर पुढचा सगळा विषय सोपा होतो.

विचित्र कशाला म्हणायचं?

गणपतीला हत्तीचं तोंड आहे. नरसिंह अर्धा सिंह, अर्धा माणूस. दत्ताला तीन शिरं. अर्धनारीश्वर एका बाजूने पुरुष, दुसऱ्या बाजूने स्त्री. आपल्याला यातलं काहीच खटकत नाही, कारण त्यामागची कथा आजीने सांगितलेली असते. ज्या चित्राची कथा आपण ऐकलेली नसते, ते चित्र विचित्र वाटतं. फरक एवढाच.

युरोपातही असा प्रकार जुना आहे. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी आर्चिम्बोल्दो नावाच्या इटालियन चित्रकाराने सम्राट रुडॉल्फ दुसरा याचा चेहरा फळं, भाज्या आणि कणसं जोडून रंगवला होता. राजा रागावला नाही. त्याच्या राज्यात बारा महिने पीकपाणी आहे, असा त्या चित्राचा अर्थ होता.

पुढे पहिल्या महायुद्धात लाखो माणसं मेली. शहाण्या म्हणवणाऱ्या देशांनीच हे केलं, मग या शहाणपणावर भरवसा कसा ठेवायचा, असा प्रश्न तिथल्या तरुण लेखकांना आणि चित्रकारांना पडला. १९२४ मध्ये पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेतों यांनी जाहीरनामा काढला. स्वप्नात जे दिसतं, मनाच्या तळाशी जे असतं, तेही खरं आहे, ते कलेत आलं पाहिजे, असा त्याचा सूर होता. याला सर्रिअलिझम म्हणतात. मराठीत अतिवास्तववाद.

त्यांच्यातल्या मॅक्स अर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ मध्ये लाकडी फरशीवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि लाकडाच्या रेघांतून पक्षी, जंगलं, प्राणी शोधले. आपली पोरं वहीच्या पानाखाली नाणं ठेवून पेन्सिल घासतात, अगदी तेच. एवढ्या साध्या खेळातून जगातली मोठी चित्रं निघाली.

ज्या देवाला चेहराच नाही, त्याचं चित्र

आता आपल्या शेजारची गोष्ट. मध्य प्रदेशातलं पाटनगढ हे गाव. तेव्हा मंडला जिल्ह्यात होतं, आता दिंडोरी जिल्ह्यात आहे. तिथं परधान गोंड समाजातला जनगढ सिंह श्याम हा मुलगा मोलमजुरी करून राहत होता. परधान म्हणजे बाना वाजवून गोंड यजमानांच्या घरी देवांची आणि राजांची गाणी गाणारे.

१९८१ मध्ये भोपाळला भारत भवन उभं राहत होतं. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी तरुण कलाकारांना गावोगाव पाठवलं होतं. त्यांना जनगढ यांनी घराच्या भिंतीवर काढलेलं चित्र दिसलं. त्यांना भोपाळला आणलं गेलं. फेब्रुवारी १९८२ मध्ये भारत भवन सुरू झालं आणि जनगढ यांना तिथल्या ग्राफिक विभागात, म्हणजे ठसाचित्रांच्याच विभागात, काम मिळालं. मातीच्या भिंतीवरचा हात कागद, शाई आणि जाळीवर चालू लागला.

त्यांनी काढलं काय? बडादेव, ठाकूरदेव आणि इतर देवदेवता. इथं एक अडचण होती. गोंडांच्या या देवांना मूर्ती नसते. बडादेवाचं ठाणं साजाच्या झाडात मानतात. साजा म्हणजे आपला ऐन. कुठं दगड असतो, कुठं नुसती जागा. कचारगडला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मग चेहरा नसलेल्या देवाचं व्यक्तिचित्र काढायचं कसं?

जनगढ यांनी वाट काढली ती अशी. देव ज्याची राखण करतो, त्यातूनच देवाचं अंग बनवायचं. त्यांच्या चित्रांत बारशिंग्याची शिंगं वाढत वाढत झाड होतात. अंग म्हणजे कातडी नाही, तर ठिपक्यांच्या आणि बारीक रेषांच्या ओळी. चित्र जागच्या जागी हलतंय असं वाटतं. गाण्यात जो देव होता, तो पहिल्यांदा डोळ्यांना दिसला. पुढे या शैलीला जनगढ कलम असं नाव पडलं. १९८९ मध्ये त्यांची चित्रं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात गेली.

शहरातले जाणकार या चित्रांना कधी अतिवास्तव म्हणतात. पण हा शब्द जपून वापरावा लागतो. पॅरिसच्या चित्रकारांसाठी ते स्वप्न होतं. जनगढ यांच्या घरी ते स्वप्न नव्हतं. झाडात देव असणं ही तिथली रोजची गोष्ट होती.

२००१ मध्ये जपानमधल्या एका संग्रहालयासाठी काम करायला गेले असताना जनगढ यांनी आपलं जीवन संपवलं. वय चाळिशीच्या आसपास होतं. घरापासून हजारो किलोमीटर दूर, भाषा न कळणाऱ्या मुलखात. आपल्याकडून बाहेर कामाला जाणाऱ्या कुठल्याही घराला ही गोष्ट परकी वाटणार नाही. त्यांच्यामागे त्यांच्या नात्यातले आणि गावातले कितीतरी जण या कामात टिकून राहिले.

लंडनचा कोंबडा, बाबासाहेबांचा प्रवास

जनगढ यांचे पुतणे भज्जू श्याम २००२ मध्ये लंडनला एका हॉटेलच्या भिंती रंगवायला गेले. परत आल्यावर त्यांनी लंडनची चित्रं काढली. तिथला घड्याळाचा मनोरा आणि आपला कोंबडा त्यांनी एकाच अंगात जोडले, कारण वेळ दोघंही सांगतात. जमिनीखालची रेल्वे त्यांनी गांडुळासारखी काढली. हे पुस्तक २००४ मध्ये आलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२००६ मध्ये भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती यांचं रात्रीच्या झाडांवरचं पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने काढलं. हातकागद काळा, छपाई हाताने स्क्रीनवर, प्रत्येक प्रतीवर नंबर. म्हणजे अख्खं पुस्तकच ठसाचित्र. २००८ मध्ये त्याला इटलीतल्या बोलोन्याचा पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्राला सगळ्यात जवळचं काम दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनावर त्यांनी चित्रं काढली. ‘भीमायन’ नावाने २०११ मध्ये ते पुस्तक छापून आलं. बाबासाहेबांचा फोटो आपल्या गावागावांत आहे. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. व्याम दांपत्याने वेगळी रीत धरली. रेल्वे सापासारखी केली. किल्ला हिंस्र जनावर झाला. लहानपणी १९०१ मध्ये मसूर स्टेशनवर उतरल्यावर भीमरावांना जात कळताच गाडी मिळेना, प्यायला पाणी मिळेना, हा प्रसंगही त्यात आहे.

यातली एक युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी. बोलणाऱ्याच्या तोंडाशी शब्दांचा जो फुगा काढतात, तो त्यांनी बदलला. गोड, मायेचे शब्द पक्ष्याच्या आकारात. जातीवरून टोचणारे शब्द विंचवाच्या नांगीच्या आकारात. मनातला विचार असेल तर त्याला डोळा. न वाचता येणाऱ्या माणसालाही कळतं, कोण मायेने बोलतोय आणि कोण डंख मारतोय.

अशा चित्राचं काम इथं कळतं. फोटो चेहरा दाखवतो. तहान, अपमान, भीती या गोष्टी फोटोत येत नाहीत. त्या दाखवायच्या तर चेहऱ्याची मोडतोड करावी लागते.

चित्र वाचायचं कसं?

असं चित्र समोर आलं की तीन प्रश्न विचारा. चेहऱ्यात कोणती वस्तू घुसवली आहे? ती वस्तू रोजच्या जीवनात काय काम करते? ते काम या माणसाला किंवा देवाला कसं लागू पडतं? कोंबडा जागं करतो, मनोरा वेळ सांगतो, झालं उत्तर. सगळ्याच चित्रांना उत्तर मिळेल असं नाही. काही चित्रं खरंच पोकळ असतात. ती ओळखायलाही हेच प्रश्न उपयोगी पडतात.

तो ‘३/२५’ आकडा

पंचवीस म्हणजे या ठशावरून एकूण पंचवीस प्रती काढल्या. तीन म्हणजे ही त्यातली तिसरी. प्रती पूर्ण झाल्या की पुष्कळ कलाकार ठशावर आडवी रेघ मारून तो रद्द करतात, म्हणजे पुन्हा छापता येत नाही. सही आणि आकडा बहुधा पेन्सिलीने असतो.

फसवणूक इथं होते. मूळ चित्राचा फोटो काढून कॉम्प्युटरच्या प्रिंटरवर छापायचा आणि ‘ओरिजिनल प्रिंट’ म्हणून विकायचा. भिंगातून पाहिलं तर अशा छपाईत साधारण रंगीत बारीक दाणे दिसतात. एचिंगमध्ये कागदावर पत्र्याच्या कडेची दबलेली खूण हाताला लागते. लाकडी ठशात शाईचा जाडपणा दिसतो. घेणाऱ्याने पद्धत, एकूण प्रती आणि बिल हे तिन्ही मागावं.

काढणाऱ्याने काय जपावं?

ही बाब जास्त महत्त्वाची, कारण आपल्याकडे विकत घेणाऱ्यांपेक्षा काढणारे हात जास्त आहेत.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावर काढणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. चित्र विकलं म्हणजे ते छापायचा हक्क विकला, असं होत नाही. तो हक्क द्यायचा तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. कोणत्या भागासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरतं धरलं जातं.

पण याच कायद्यात एक खड्डा आहे. समजा कोणी पैसे देऊन सांगितलं, ‘माझ्या आजोबांचं व्यक्तिचित्र काढून दे’ किंवा ‘आमच्यासाठी ठसा कोरून दे’, आणि वेगळं काही ठरवलं नाही, तर कलम १७ प्रमाणे हक्क काम सांगणाऱ्याचा होतो. मग त्याने ते टी-शर्टवर छापलं, पिशवीवर छापलं, तरी काढणाऱ्याला बोलायला जागा उरत नाही. म्हणून काम घेताना एका कागदावर, निदान मोबाईलवरच्या मेसेजमध्ये, लिहून घ्यावं की छपाईचा हक्क काढणाऱ्याकडे राहील. चित्राचा तारखेसह फोटो ठेवावा. न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नये. बाहेरगावी किंवा परदेशी कामाला जाताना परतीची तारीख आणि खर्च कोणाचा, हे आधी ठरवावं.

बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तसं दिंडोरीच्या गोंड चित्रकलेला २०२३ मध्ये मिळालं. याने नावाची राखण होते. पण एकेका चित्राची राखण ज्याची त्यालाच करावी लागते.

घरी, शाळेत करून पाहा

याला मोठा खर्च नाही. कापलेल्या भेंडीचा ठसा पोरांना माहीत आहे. त्यापुढची पायरी अशी. सायकलची जुनी ट्यूब घ्या. तिचे तुकडे कापून पुठ्ठ्यावर किंवा फळीवर चेहऱ्याच्या आकारात चिकटवा. डोळ्याच्या जागी पळसाच्या पानाचा आकार, केसांच्या जागी धानाच्या लोंबीचा. वाळल्यावर त्यावर जाडसर रंग फिरवा, कागद ठेवा आणि चमच्याच्या पाठीने सगळीकडे सारखं घासा. कागद हळू उचला. पहिली प्रत बिघडते, तिसरी बरी येते. लिनो कोरताना अवजाराच्या पुढं हात ठेवू नका. ॲसिडचं काम घरी अजिबात करू नका. ते शिकवणाऱ्याच्या देखरेखीतच करायचं असतं.

ज्यांना पुढं शिकायचं आहे, त्यांनी शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्याव्या. कला संचालनालय त्या घेतं आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीत वाढीव गुण मिळतात. नियम मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे. बारावीनंतर नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय आपल्याला सगळ्यात जवळ. मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासून आहे. ठसाचित्रासाठी बडोद्याच्या विद्यापीठाचंही नाव मोठं आहे. भोपाळचं भारत भवन पाहायला तर कोणालाही जाता येतं. तिथं ठसाचित्रांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शनही भरवलं जातं.

गावाकडे अजून किती तरी देव, किती तरी माणसं अशी आहेत, की ज्यांचं चित्र कोणी काढलेलं नाही. बोडीच्या पाळीवरचा देव, रोवणीत कंबर मोडेपर्यंत राबणारी बाई, बिड्या वळून बोटं काळी झालेली आजी. त्यांचे चेहरे फोटोत पूर्ण मावत नाहीत. एखाद्या पोरीने त्या आजीच्या बोटांच्या जागी तेंदूची पानं कोरली, तर तिला विचित्र म्हणू नका. आधी विचारा, गोष्ट काय आहे.